पाण्याला वाट द्या

सकाळी सहा-सव्वासहाला आमच्या सिंधीपुऱ्यातल्या गल्लीच्या वळणावर आधी एका बांबूचं टोक दिसायचं. टोकाला लाल फडकं बांधलेलं. मग बाकीचा बांबू दिसायचा, आणि त्याच्या बरोबर मध्यावर, तो दोन्ही हातांनी छातीशी आडवा धरून चालत येणारे आमचे घरमालक, काका. पांढरा लेंगा, खाकी शर्ट, कॅनव्हासचे बूट. चाल अशी, की पुढं कोणाची तरी पालखी आहे आणि हे तिला वाट करून देताहेत.

बांबू नऊ फुटांचा होता. आठ फूट दमकलचे, आणि दोन बाजूंच्या आरशांसाठी सहा-सहा इंच. दमकल म्हणजे आगीचा बंब. पण आमच्या बऱ्हाणपुरात त्याला बंब कोणी म्हणत नाही. काकांनी उमेदीची सगळी वर्षं दमकल चालवली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला लागतात, बागेत फिरायला जातात. काकांनी घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी बांबू कापून आणला, असं काकू सांगायच्या. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ते गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत बांबू आडवा धरून चालत. बांबू न अडता गेला तर दमकल जाईल. बांबू कुठं अडला तर काका तिथंच उभे राहत.

नुसते उभे राहत. बांबू तिरपा करणं नाही, उचलून डोक्यावरून नेणं नाही. पुढं कोणाची तरी मोटरसायकल नाही तर छोटा हत्ती टेम्पो आडवा आलेला असायचा, आणि मागं दूधवाला, शाळेची रिक्षा, यंत्रमागाच्या सुताचे बाणे घेऊन निघालेला हातगाडीवाला असे सगळे खोळंबायचे. मग तेच ओरडायचे, "अरे कोणाची गाडी आहे, हटवा ना! काका उभे राहून राहिले!" काकांना स्वतः बोलावं लागतच नसे.

मी नवी सून म्हणून त्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी हे दृश्य खिडकीतून पाहिलं आणि नवऱ्याला उठवलं. "अहो, खाली एक माणूस बांबू घेऊन गल्ली अडवून उभाय."

"ते काका आहेत," तो कूस बदलत म्हणाला. "आपले मालक. झोप तू."

काकांचं एक वाक्य होतं. दिवसातून दहा वेळा यायचं. "रस्ता माणसाचा नाही, पाण्याचा आहे." दमकलमधलं पाणी, असा त्याचा अर्थ, पण ते इतक्या ठासून म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटे, गल्लीतून आत्ता नदीच यायची आहे. बऱ्हाणपूरच्या जुन्या लोकांबद्दल त्यांना फार आदर. "कुंडी भंडारा पाहिला ना तू? सगळं पाणी जमिनीखालून नेलं त्यांनी. का नेलं? त्यांना तेव्हाच कळलं होतं, वर हे लोक गाड्या लावतील."

बांबूनं ऐकलं नाही तर चिठ्ठी. कॅलेंडरच्या जुन्या पानांचे तुकडे करून ठेवलेले असत. त्यावर सुरेख, गोल अक्षरात लिहिलेलं: "आपली गाडी सात इंच बाहेर आहे. पाण्याला वाट द्या." मराठी माणसाला मराठीत, हिंदी माणसाला हिंदीत. चिठ्ठी काचेवरच्या वायपरखाली नीट दाबून ठेवायचे. इंचाचा आकडा कधी अंदाजानं नसे. एकदा कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी चिडून स्वतः टेप आणली आणि मोजलं. सातच इंच भरले. डॉक्टर हसले आणि गाडी आत घेतली.

गल्ली बदलत होती. पूर्वी जिथं दोन सायकली आणि एक स्कूटर असे, तिथं घरटी एक चारचाकी आली. त्यात वळणापाशीच्या जुन्या जिनिंगच्या जागेवर एका शेठजींनी लग्नाचा हॉल काढला. लग्नसराईत तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही! वऱ्हाडी आपापल्या गाड्या दोन्ही अंगांनी लावून जेवायला जात, आणि आम्ही आपल्याच दाराबाहेर पडताना गाड्यांमधून आडवे होऊन निघायचो. काका शेठजींकडं जात. शेठजी वाईट माणूस नव्हता. खुर्ची द्यायचा, सरबत द्यायचा आणि म्हणायचा, "काका, शादी का घर है. दो घंटे की तो बात है."

"आग को दो घंटे बोलके देखो," काका म्हणायचे आणि सरबत न पिता उठायचे.

शेठजींवर राग काढता येत होता, पण खरं सांगायचं तर त्याच दिवसांत मीही काकांच्या यादीत गेले होते.

माझी शाळा शाहपूरच्या रस्त्यावर. मी तिथं गणित शिकवते. बसची कटकट नको म्हणून आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली. मोतिया रंगाची, माझी पहिलीवहिली. आणली त्या दिवशी मी इतकी हरखून गेले होते की हार घालायच्या आधी तीनदा तिच्याभोवती फिरले. काकू कुंकू घेऊन आल्या. काका बांबू घेऊन आले.

"बेटी, भिंतीला लाव. अगदी नालीवर चाक जाऊ दे."

"काका, मग मला दार उघडता येणार नाही. उतरू कशी?"

"पलीकडच्या दारानं उतर."

"रोज? साडी नेसून?"

"दमकलवाले खिडकीतून उतरतात," काका म्हणाले.

मी भांडले. घरमालकाशी भाडेकरणीनं जितकं भांडावं त्याहून बरंच जास्त भांडले. सगळे लावतात तशी मीही लावीन, म्हटलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "सगळे लावून राहिले म्हणून तर मी हिंडून राहिलो ना, बेटी."

पण दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी मला गाडी लावायला शिकवायला घेतलं! ड्रायव्हिंगच्या शाळेत कोणी शिकवलं नसेल असं. आरशात नालीची कड कशी धरायची, स्टेअरिंग कधी पूर्ण वळवायचं, मागचं चाक कुठं गेलं हे सीटवर बसून अंगाला कसं कळतं. गाडीच्या मागं उभे राहून ते दोन बोटं दाखवत. "अजून दोन बोटं... अजून एक... बस!" आठ दिवसांत मी एका झटक्यात भिंतीला गाडी चिकटवू लागले. पहिल्यांदा जमलं तेव्हा काकांनी टाळी वाजवली आणि आतल्या काकूंना हाक मारली, "अगं ये, पाहा! पोरीनं एका दमात लावली!" मी पलीकडच्या दारानं उतरले. साडी नेसून.

त्यांच्या या वेडाचं कारण मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, एकदा मेथी निवडता निवडता, मान वर न करता. फार वर्षांपूर्वी एका मोहल्ल्यात आग लागली होती. काका वेळेवर पोचले होते. पण गल्लीच्या तोंडाशी एक ट्रॉली उभी होती, सरकीनं भरलेली, आणि तिचा मालक सापडेना. नळ्या जोडत जोडत लांबून पाणी न्यावं लागलं. "आत एक म्हातारा होता," काकू म्हणाल्या. एवढंच. मग जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्या रात्री जेवले नाहीत. ट्रॉली सारखी मोजत होते. बोटांनी. जमिनीवर."

आता त्या दिवसाचं सांगते. आजही सांगताना माझे तळहात गरम होतात.

रविवार होता. हॉलमध्ये मोठं लग्न, दुपारचा मुहूर्त. मी सकाळी भाजी घेऊन परत आले तर माझ्या नेहमीच्या जागेवर पाहुण्यांची लांबलचक पांढरी गाडी. पुढं-मागं कुठंच जागा नाही. मी वैतागले. वळणावर, अगदी जिथं गल्ली सगळ्यात अरुंद होते तिथं, एक फट होती. तिथं गाडी घुसवली. उतरून पाहिलं. मागचा भाग चांगला दीड-दोन फूट बाहेर. मला दिसत होतं. मला इंचात सांगता आलं असतं. पण हातात पिशव्या होत्या, ऊन होतं, आणि मी मनाशी म्हटलं, दहा मिनिटांत पाहुण्यांना शोधून गाडी हलवायला लावू. वर गेले. कुकर लावला. विसरले.

साडेबारा झाले असतील. बँड अगदी जोरात होता. मला आधी वास आला. जळलेल्या कापडाचा कडवट वास. खिडकीत गेले तर वळणापलीकडच्या सुताच्या गोदामातून काळा-पिवळा धूर! गोदामाच्या वरच्या मजल्यावर भारतीमावशी राहायच्या. दोन्ही गुडघे गेलेल्या, भिंत धरून चालणाऱ्या. मुलगा आणि सून त्या दिवशी बाहेर. मावशी गॅलरीत आल्या होत्या, कठडा धरून उभ्या होत्या आणि काहीतरी ओरडत होत्या. बँडपुढं काही ऐकू येत नव्हतं.

मी जिना उतरले तोवर काका बाहेर पडलेले. जेवणावरून उठले होते. उजवा हात तसाच, वरणाचा. डाव्या हातात फोन. पत्ता सांगत होते, इतक्या थंडपणानं, की जणू भाजीवाल्याला घर सांगताहेत. "वळणावर या. मुख्य रस्त्याकडून नाही, मागच्या तोंडाकडून. तिकडून वाट करतो." फोन खिशात टाकला आणि सरळ बँडवाल्यांत घुसले.

"बंद! बाजा बंद!"

बाजा थांबला. एकदम इतकी शांतता झाली की मावशींचा आवाज ऐकू आला. "अरे कोणीतरी या रे!"

काका हॉलमध्ये शिरले, थेट स्टेजवर. नवरा-नवरी पाटावर, भटजी अक्षता वाटत होते. काकांनी सूत्रसंचालकाच्या हातातून माईक घेतला आणि काय सांगू, त्यांनी गाड्यांचे नंबर म्हणायला सुरुवात केली! कागद नाही, काही नाही. "बत्तीस चौदा, पांढरी. शून्य नऊ एक्क्याऐंशी, निळी. सत्तर सत्तावीस, जीप. मागच्या तोंडाकडं जितक्या उभ्या आहेत, सगळ्या बाहेर काढा. आग लागली आहे. माणूस वर अडकलेलं आहे. एकामागून एक, गडबड करायची नाही, पुढची गाडी निघाली की दुसरी." वऱ्हाडाच्या गाड्या येताना सकाळपासून दारात बसून पाहिलेले सगळे नंबर त्यांना पाठ होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, उभ्या होत्या त्या क्रमानं.

लोक खुर्च्या ढकलून पळाले. फेटे, शेरवान्या, पैठण्या, सगळे किल्ल्या चाचपत पळत होते. शेठजी स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभे राहून दोन्ही हातांनी गाड्या बाहेर काढत होते, "चलो, चलो, चलो!" करत. मला वाटतं पाच मिनिटं लागली असतील. सगळी गल्ली मोकळी झाली. मी इथं राहायला आल्यापासून इतकी मोकळी गल्ली पाहिली नव्हती.

एकच गाडी उरली. वळणावर. मोतिया रंगाची.

काका माझ्याकडं वळले. "बेटी, चावी?"

मी तोवर वर जाऊन आले होते. खिळ्यावर चावी नव्हती. गाडीची आणि स्कूटरची चावी एकाच कड्यात, आणि नवरा स्कूटर घेऊन नणंदेकडं गेलेला.

"शाहपूरला," मी म्हटलं.

तेव्हा ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी गाडीकडं पाहिलं, मग वळणाकडं, मग समोरच्या घराच्या गुडघाभर उंचीच्या ओट्याकडं. तिकडून दमकलची घंटा ऐकू यायला लागली होती.

"उचला," काका म्हणाले.

आणि उचलली! वऱ्हाडी, बँडवाले, डॉक्टर, दूधवाला, वाढपी. ढोलवाल्यानं गळ्यातला ढोल खाली ठेवला आणि बंपरखाली हात घातला. मीही चाकापाशी बोटं खुपसली. माझ्या एका बाजूला नवरीचे मामा होते, दुसऱ्या बाजूला कोण होतं देव जाणे. काका पुढं उभे राहून मोजत होते. "एक, दोन, हं!" आधी मागचा भाग ओट्यावर, मग पुढचा. पत्रा कुठंतरी खरवडल्याचा आवाज आला. मला त्या क्षणी त्या आवाजाचा इतका आनंद झाला की मी किंचाळलेच. गाडी ओट्यावर चढली, तुळशीच्या कुंडीशेजारी!

दमकल मागच्या तोंडाशी आली होती. ड्रायव्हर कोवळा होता, त्या गल्लीत कधी आलेला नव्हता. ती भिंत, तो ओटा आणि ते वळण पाहून त्यानं ब्रेक दाबला आणि मान हलवली. जाणार नाही.

काकांनी घराच्या भिंतीला टेकवलेला बांबू उचलला. दमकलच्या पुढं जाऊन उभे राहिले, तोंड दमकलकडं, पाठ आगीकडं. बांबू आडवा. "मेरे को मत देख," ते ओरडले. "बांबू के दोनों कोने देख! ये गया तो तू गया!"

आणि ते उलटे चालू लागले. मागं न पाहता. पाऊल, पाऊल, पाऊल. बांबूची लाल टोकं दोन्हीकडच्या भिंतींना चार-चार बोटं सोडून सरकत होती आणि त्या टोकांवर नजर लावून ती प्रचंड लाल गाडी त्यांच्यामागून, म्हणजे पुढून, सरकत होती. वळणावर बांबूचं एक टोक ओट्याला घासलं. काकांनी डावा खांदा दोन बोटं मागं घेतला. बांबू सुटला. दमकल सुटली. कोणीतरी जोरात "जय हो!" केलं आणि मग सगळीच गल्ली ओरडायला लागली, जणू आमच्या अंगणात कोणी सामना जिंकलाय.

पाणी सुरू झालं. शिडी लागली. भारतीमावशींना दोघांनी उचलून खाली आणलं. धुरानं काळ्या पडलेल्या, खोकत होत्या, पण खाली पाय टेकताच पहिलं वाक्य बोलल्या ते शेठजींना, "लग्न लागलं का हो? मुहूर्त टळला असेल ना?" सुताचं गोदाम अर्धं गेलं. वरच्या घराची भिंत काळी झाली. माणूस एकही गेलं नाही. लग्न तासाभरानं लागलं, आणि दमकलवाल्यांना पहिल्या पंगतीला बसवलं.

संध्याकाळी मी काकांच्या दाराशी गेले. आत जायचा धीर होत नव्हता. काकू त्यांच्या तळहातांना मलम लावत होत्या. बांबूनं सालटं निघाली होती. मी म्हटलं, "काका, सकाळी मला दिसलं होतं. गाडी बाहेर आहे हे दिसलं होतं. तरी मी वर गेले."

काकांनी दुसरा तळहात काकूंपुढं केला.

"उचलणाऱ्यांत होतीस ना? डाव्या चाकापाशी. पाहिलं मी."

"होते."

"मग झालं," ते म्हणाले. "बस. चहा घे."

मी चहा घेतला, आणि पेल्यात तोंड लपवून रडले. गाडी मात्र चार दिवस ओट्यावरच होती. उतरवायला फळ्या, दोर आणि पुन्हा वीस माणसं लागली. तिचं मागचं दार अजून नीट लागत नाही. मी दुरुस्त केलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात गल्लीची बैठक झाली. त्याआधी अशी बैठक कधी झाली नव्हती. भांडणं भरपूर झाली, आवाज चढले, पण उठताना ठरलं ते ठरलं. शेठजींनी हॉलच्या मागची रिकामी जागा सपाट करून पाहुण्यांच्या गाड्या तिकडं लावायचं कबूल केलं आणि केलंही. वळणावर कोणीच काही लावायचं नाही. ज्यांच्या दारात जागा नाही त्यांनी गाडी शेठजींच्या त्याच जागेत ठेवायची. सगळ्यात नवल म्हणजे एक-दोघं स्वतःहून विचारायला लागले, "काका, सकाळी किती वाजता निघता? येऊ का?" काकांना हे आवडलं नाही. गर्दीनं वाट अडते, म्हणाले.

मग काकांचा सत्कार करायचं निघालं. काकांना कल्पना द्यायची नाही, असं ठरलं. शनवारा दरवाज्याकडून आत येणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, मांडव घातला. स्टेज, गालिचा, फुलं, खुर्च्या, वॉर्डातले मान्यवर. बँड तोच, लग्नातला. फुकट आला होता. काकूंनी काकांना नवा शर्ट घालायला लावला आणि डॉक्टरांकडं जायचंय असं खोटं सांगून बाहेर काढलं.

काका रस्त्याच्या तोंडाशी आले आणि थबकले. बँड वाजला. फुलं उडाली. शेठजी हार घेऊन पुढं धावले.

"हा मांडव कोणी घातला?" काका म्हणाले.

"हमने... म्हणजे आम्ही सगळ्यांनी. आपके लिए, काका!"

"रस्त्यात?"

बँड आपोआप थांबला. सगळ्यांचं लक्ष एकदम आपण कुठं उभे आहोत तिकडं गेलं. आमच्यामागं, मांडवापलीकडं, वाहनांची रांग लागली होती आणि सगळ्यात पुढं केळ्यांनी भरलेला एक ट्रक, ड्रायव्हर दारातून अर्धा बाहेर लोंबकळून काय चाललंय ते पाहत होता. काका जागचे हलेनात. कोणी काही बोलायच्या आधी मीच चप्पल काढून स्टेजवर चढले आणि गालिचा गुंडाळायला लागले. मग डॉक्टर आले, मग सगळेच. खुर्च्या बाजूला, खांब बाजूला, कापड खांद्यावर. हसू आवरत नव्हतं कोणाला. मान्यवरसुद्धा बाह्या सारून बांबू ओढत होते.

रस्ता मोकळा झाला. काकांनी हात वर करून ट्रकला खूण केली. ट्रक आमच्यामधून निघाला, केळ्यांचे घड हलत, आणि ड्रायव्हरनं जाता जाता काकांना सलाम ठोकला. तो वळून दिसेनासा होईपर्यंत काका पाहत राहिले. मग रस्त्याच्या कडेला, एका दुकानाच्या पायरीला टेकून उभे राहिले, आणि हारासाठी मान पुढं केली.